गाडीला गावाचा हात

एका गावात एक गाडी होती. बोधकथेत आधी राजा येतो आणि मग त्याचा घोडा. इथे आधी गाडी आली आणि तिच्यामुळे तिचा मालक राजा झाला, म्हणून सुरुवात गाडीपासूनच केलेली बरी.

गाव घाटमाथ्यावरचं, तांबळवाडी. तिथे पाऊस सरला तरी ओल सरत नसे. सकाळचं धुकं इतकं दाट की शेजारी खोकला तरच तो उठल्याचं कळे. मिठाला बरणीत पाणी सुटे. काडेपेटी चुलीजवळ ठेवली तरच पेटे. एसटी दिवसातून एकदा, दुपारी येई, तीही रस्ता खचला नसेल तर. तालुक्याचा दवाखाना पार घाटाखाली. अशा गावात एकच मोटारगाडी असेल तर ती कोणाच्या दारात उभी आहे याला फार महत्त्व येतं.

ती हैबतीच्या दारात उभी होती. हैबतीने मुंबईत एका शेटजींकडे उभी हयात ड्रायव्हरकी केली. शेटजींनी नवी गाडी घेतली तेव्हा जुनी याला देऊन टाकली. मुंबईत त्याला "ए हैबती" अशी हाक असे. शेटजींसाठी दार उघडून धरायचं, ते बसले की लावायचं. ते कुठे लग्नाला गेले तर मांडवाबाहेर गाडीपाशी उभं राहायचं आणि आत जेवायला काय आहे ते वासावरून ओळखायचं. तोच माणूस गाडीसकट गावी परतला आणि पहिल्याच आठवड्यात हैबतराव झाला. पुढे सगळे त्याला आबा म्हणू लागले. माणूस वाईट नव्हता. कोणी अडलं तर गाडी काढायला त्याने कधी नाही म्हटलं नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण वाईट माणसाची गोष्ट ऐकताना आपण खुशाल मांडी घालून बसतो. ती आपली नाही असं आपल्याला वाटतं.

गाडी म्हातारी होती. दुपारी चावी फिरवली की बिनतक्रार सुरू होई. पण ओल्या सकाळी ती घरघर करी, एखादी उचकी देई आणि गप्प बसे. हैबतरावाचं घर उताराच्या माथ्यावर होतं. तिथून रस्ता मारुतीच्या देवळावरून, शाळेवरून खाली ओढ्यावरच्या फरशीच्या पुलापर्यंत जाई. सकाळी तालुक्याला निघताना चार माणसांनी मागून रेटा दिला की गाडी उतारावर पळे आणि देवळाच्या आसपास कुठेतरी सुरू होई.

आता गाव म्हटलं की चार माणसं कायम चार राहत नाहीत. ती दहा झाली, मग वीस झाली. सकाळी चूळ भरून, डोक्याला टॉवेल गुंडाळून लोक हैबतरावाच्या दाराशी जमू लागले. त्याला "हात लावायला जाणं" असं नावही पडलं. मग हाताचेही मान ठरले. मागच्या डिकीला उजवीकडून पहिला हात बयाजी गिरणीवाल्याचा. डावीकडून सरपंचांचा. दाराला कोणी धरायचं, खिडकीच्या खांबाला कोणी, हेही ठरलं. गावात नवा जावई आला की दुसऱ्या दिवशी त्याला हात लावायला नेत. लग्न ठरवताना एखादा म्हणे, "पोरगा चांगला हाय, आबांच्या गाडीला मागनं तिसरा हात त्याचाच." दसऱ्याला गाडीपुढे नारळ फुटू लागला. म्हाताऱ्या सांगत, "गावाचा हात लागल्याबिगर उठतच न्हाई ती. सवय लागलीया तिला." सवय गाडीला नव्हे, दुसऱ्याच कोणाला लागली होती, हे पुढे दिसेलच.

हैबतराव मात्र पूर्वीचा ड्रायव्हर. गाडी का अडते हे शोधल्याशिवाय त्याला चैन पडेना. पहिल्याच वर्षी त्याने प्लग काढून घासले. बॅटरी भरून आणली, पेट्रोलची नळी साफ केली, चोक ओढून पाहिला. काही उपयोग झाला नाही. मग त्याने डोकं चालवलं. दुपारी चालते आणि ओल्या सकाळी अडते, म्हणजे दोष ओलीचाच. एके दिवशी पहाटे, कोणी यायच्या आधी, त्याने बॉनेट उघडलं. इंजिनाच्या बाजूला एक काळं झाकण असतं, त्यातून ठिणगीची वीज प्लगांना वाटली जाते. ते त्याने काढून पाहिलं. झाकणाच्या आतल्या बाजूला बारीक दव जमलं होतं. कडेला केसाएवढी चीर गेली होती. तिथून ओल आत शिरत होती आणि वीज जायची तिथे न जाता भलतीकडे पाझरत होती.

त्याने झाकण पुसून कोरडं केलं, बसवलं आणि चावी फिरवली. गाडी एका झटक्यात सुरू झाली. हैबतराव एकटाच मोठ्याने हसला. नवं झाकण तालुक्याला स्टँडसमोरच्या दुकानात सहज मिळालं असतं. आज सगळ्यांना सांगू आणि उद्या जाऊन घेऊन येऊ, असं त्याने ठरवलं.

तेवढ्यात धुक्यातून माणसं येताना दिसली. पुढे बयाजी, मागे सरपंच, त्यांच्या मागे सगळी आळी. हैबतरावाने पटकन इंजिन बंद केलं. का केलं ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. लोक आले, त्यांनी रामराम घातला आणि आपापल्या जागा धरल्या. हैबतराव आत बसला. समोरच्या आरशात त्याला मागे वाकलेली डोकी दिसली. आयुष्यभर तो दुसऱ्याच्या मागे उभा राहिला होता. आज त्याच्या मागे गाव उभं होतं. झाकणाचं सांगायचं राहिलं. दुसऱ्या दिवशीही राहिलं. पुढे सांगायचं काही होतं हेच तो विसरला, किंवा विसरलो असं स्वतःला सांगू लागला. माणसाला स्वतःशी खोटं बोलायला कोणी शिकवावं लागत नाही.

वर्षं गेली. मग एका भाद्रपदात, अशाच चिंब सकाळी, बयाजीची बायको सुंदरा चुलीसाठी लाकडं काढायला गेली. ढिगात हात घातला आणि घोणस चावली.

बयाजीने तिला पाठीवर घेतलं आणि उतार चढत हैबतरावाचं दार गाठलं. आरडाओरडा ऐकून गाव धावलं. सुंदराला मागच्या सीटवर बसवलं. हात सुजत चालला होता तरी ती पाय वर ओढून घेत होती. "पायाला चिखल हाय," ती म्हणाली, "सीट खराब हुईल आबांची."

हैबतराव चावी घेऊन धावत आला आणि सरळ बॉनेटपाशी गेला. त्याचा हात बॉनेटवर टेकलाही. झाकण काढायचं, पुसायचं, लावायचं. विडी पेटवायला लागतो तेवढासुद्धा वेळ लागला नसता. त्याने मान वर केली. सगळं गाव त्याच्याकडे बघत होतं. त्याच्या मनात आलं, आता एका चावीत सुरू झाली तर हे लोक विचारतील, मग इतकी वर्षं आम्ही काय करत होतो? आणि गाडी तर देवळापाशी सुरू होतेच. तेवढाच वेळ लागेल. त्याने बॉनेटवरचा हात काढला आणि आत जाऊन बसला.

"ढकला," तो म्हणाला.

लोकांनी जीव खाऊन ढकललं. गाडी देवळापाशी सुरू झाली नाही. शाळेपाशीही झाली नाही. उतार संपला आणि गाडी खाली फरशीवर जाऊन थांबली. तिथे सपाटी. लोक ती पुढे रेटत, मागे ओढत, पुन्हा रेटत. बयाजी रेटता रेटता काचेतून आत बघे आणि म्हणे, "सुंदरा, झोपू नगंस. बोलत ऱ्हा गं." सुरुवातीला ती हूं म्हणत होती.

तिथे फरशीवर हैबतरावाने एकदा दार उघडलं. एक पाय खाली टेकवला. मग त्याला वाटलं, आता झाकण पुसून गाडी सुरू केली तर बयाजी विचारेल, वर दारातच का नाही पुसलं? त्याने पाय आत घेतला आणि दार लावलं. या गोष्टीत एवढा एक पाय जमिनीवर राहिला असता तर पुढची गोष्टच नव्हती.

गाडी सुरू झाली तेव्हा धुकं विरलं होतं आणि कवळं ऊन पडलं होतं. सुंदराने हूं म्हणणं थांबवलं होतं. दवाखान्यात डॉक्टरांनी तिला पाहिलं आणि म्हणाले, "थोडं आधी आणायला हवं होतं."

बयाजी परतला तो हैबतरावाच्या पायाशीच वाकला. "आबा, तुमी हुता म्हणून तिला दवाखाना तरी दिसला."

हैबतरावाने त्याला उठवलं. "तिचं आयुष्य तेवढंच म्हणायचं," तो म्हणाला.

घरी गेल्यावर हैबतराव रडला, हे खरं आहे. रडून मोकळा झाला, हेही खरं आहे. तेराव्यानंतर तो तालुक्याला गेला, नवं झाकण आणायला. दुकानाच्या पायरीपर्यंत पोहोचलाही. तिथे त्याच्या मनात आलं, सुंदरा गेली आणि लगेच गाडी विनाधक्का चालू लागली, हे लोकांच्या नजरेत भरल्याशिवाय राहील का? तो पायरीवरून मागे फिरला. पाप झाकायला ते पाप चालू ठेवावं लागतं, नाहीतर ते उघडं पडतं. झाकणाची चीर तशीच राहिली.

बयाजी दर ओल्या सकाळी हात लावायला येतच राहिला. आता तर सगळ्यांच्या आधी येई. उपकार फेडायचे होते ना त्याला.

पुढच्या वर्षी त्याच दिवसांत हैबतरावाच्या नातवाला ताप भरला. उजाडता उजाडता पोराने डोळे फिरवले, दातखीळ बसली, अंग लाकडासारखं ताठ झालं. सून पोराला छातीशी धरून ओरडत बाहेर आली आणि गाडीत मागे बसली. बाहेर धुकं, गाडीच्या काचांवरून पाणी ओघळत होतं. माणसं धावत आली आणि सवयीने आपापल्या जागी उभी राहिली. बयाजीने डिकीला हात टेकवले, पाय मागे रोवले आणि सगळा भार पुढे टाकला.

हैबतरावाने कोणाकडे पाहिलं नाही. त्याने बॉनेट उघडलं, झाकण काढलं, सदऱ्याच्या पुढच्या टोकाने खसाखसा पुसलं, बसवलं आणि चावी फिरवली. गाडी एका झटक्यात सुरू झाली. त्याने ती तशीच पिटाळली. बयाजीचे हात हवेत राहिले आणि तो चिखलात तोंडावर पडला.

एकदोघं हसले. मग हसायचे थांबले. उताराच्या माथ्यावर पेट्रोलचा वास तेवढा उरला, आणि हात पुढे केलेली माणसं. बयाजी उठला. तोंडावरचा चिखल पुसायचंही त्याला सुचलं नाही. गाडी गेली त्या रस्त्याकडे तो बराच वेळ बघत राहिला.

नातू वाचला. वेळेवर आणलंत, डॉक्टर म्हणाले.

आता गावाची पाळी होती. मारुतीच्या पारावर लोक बसले. जे पाहिलं होतं ते सगळ्यांनीच पाहिलं होतं. पण आबांना आधीपासून माहीत होतं असं मानलं, तर आपण वर्षानुवर्षं मूर्खासारखे धावलो हेही मानावं लागतं. जावई नेले, मान ठरवले, नारळ फोडले, ते सगळं वाया. आणि उद्या आपल्या घरात कोणी आजारी पडलं तर गाडी कोणाची? तेव्हा पारावर हळूहळू एक गोष्ट तयार झाली. देवानेच आबांना ऐन वेळेला बुद्धी दिली. लेकराची पुण्याई. संध्याकाळपर्यंत ती गोष्ट गावभर झाली आणि सांगणाऱ्यांनाच खरी वाटू लागली.

ती बयाजीच्या गिरणीतही पोहोचली. दळण घेऊन आलेली एक बाई म्हणाली, "तवाच सुचलं म्हनं त्यास्नी. आदी कुटं ठावं हुतं?"

बयाजीने मान हलवली. त्यालाही तेच हवं होतं. तवाच सुचलं असेल, तर सुंदरा सापाने गेली. आधीच ठाऊक असेल, तर ती सापाने गेली नाही. गिरणी चालू असली की बोलायला लागत नाही, म्हणून त्या दिवसांत तो ती बंदच करत नसे.

सरपंचांनी हैबतरावाचा सत्कार ठरवला. नातू वाचला, आबांनी इतकी वर्षं गावाची सेवा केली, कुठेतरी त्याचं चीज व्हायला हवं. देवळापुढे मांडव पडला, आत छोटं व्यासपीठ उभं राहिलं. खुर्च्या आल्या, तालुक्याहून माईक आला. गाडीला पहिला हात बयाजीचा, तेव्हा शालही त्यानेच घालावी असं ठरलं. हैबतराव खुर्चीवर बसला होता, नातू मांडीवर होता.

बयाजी शाल घेऊन वर आला. सगळे टाळ्या वाजवायला हात उचलून बसले होते. बयाजीने शाल पुढे केली नाही.

"आबा," तो म्हणाला, "एकच इचारतो. आमची सुंदरा गाडीत हुती, त्या दिवशी तुमास्नी ते झाकण ठावं हुतं का?"

आवाजात राग नव्हता. तो विनवत होता. हैबतराव "न्हाई" म्हणाला असता, तर बयाजीने त्याच क्षणी त्याच्या खांद्यावर शाल घातली असती आणि घरी जाऊन वर्षभरात पहिल्यांदा झोपला असता. खोटं बोलायची अशी सोय क्वचितच कोणाला मिळते. हैबतरावाने तोंड उघडलं. मांडीवरचं पोर त्याच्या सदऱ्याचं बटण ओढत होतं. त्याने पोराकडे पाहिलं आणि त्याला खोटं बोलता आलं नाही.

"हुतं," तो म्हणाला.

माईक त्याच्या तोंडासमोरच होता. शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. पुढे कित्येकांनी सांगितलं की त्या दिवशी माईक खरखरत होता, काही कळलं नाही. माईक चांगला होता.

बयाजीने शालीची घडी नीट केली, रिकाम्या खुर्चीवर ठेवली आणि व्यासपीठाच्या पायऱ्या उतरून तो गर्दीतून चालत गेला. त्याला वाट करून द्यायला लोक बाजूला सरकले. त्याच्यासोबत कोणी उठलं नाही. त्याच्या शेजारचा घरधनी उठला नाही. सुंदराच्या हातची भाकरी खाल्लेले उठले नाहीत. एकेकाने मनातल्या मनात आपापल्या घरातलं म्हातारं, पोटुशी सून, तान्हं पोर आठवलं आणि तो खाली बघत बसला.

सरपंच खाकरले. "झालं गेलं गंगेला मिळालं," ते म्हणाले. "बयाजीचं मन थाऱ्यावर न्हाई. आपन समजून घ्यायला पायजे."

त्यांनी खुर्चीवरची शाल उचलली आणि हैबतरावापुढे गेले. खरं बोलून झाल्यावर माणसाला एक वाट मोकळी असते. उठायचं आणि बयाजीच्या मागे जायचं. हैबतराव बसून राहिला. कोणीतरी टाळी वाजवली. मग सगळ्यांनी वाजवली. खांद्यावर शाल घेताना मान थोडी खाली घालावी लागते. हैबतरावाची मान तेवढीच खाली गेली.

तात्पर्य: मान टिकवण्यासाठी जो आपला दोष लपवतो, त्याच्या त्या लपवण्याची किंमत दुसरं कोणीतरी जिवाने देतं. आणि ते कळूनही उद्याच्या गरजेपोटी जे टाळ्या वाजवतात, त्यांना निर्दोष म्हणू नये.